बीबराइट घ्यावं की एरिथ्राइट?

झिओलाइटसारखी खनिजं गोळा करता करता एखाद्याला कोबाल्ट धातूच्या गुलाबी खनिजांचा मोह होतो आणि बीबराइट, एरिथ्राइट ही दोन नावं समोर येतात. दोन्ही कोबाल्टचीच, दोन्ही मूळ धातुकावर (धातू ज्यातून काढतात त्या खनिजावर) हवा-पाण्याची क्रिया होऊन बनलेली, दोन्ही जिप्समइतकी मऊ. घरी आणल्यावर मात्र एक मुकाट राहतं, दुसरं रुसतं.

रुसणारं ते बीबराइट. कोबाल्ट सल्फेट आणि पाण्याचे सात रेणू. नाव जर्मनीच्या हेसे प्रांतातल्या बीबर गावावरून. वजनातला जवळजवळ ४५ टक्के वाटा पाण्याचाच, आणि सगळी गोम तिथेच आहे. हवा कोरडी पडली की एक रेणू निसटतो आणि उरतं मूरहाउसाइट, १९६५ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून नोंदलं गेलेलं वेगळंच खनिज. चिठ्ठीवर बीबराइट, कुपीत दुसरंच! स्फटिकाची चमक जाते, कडा पिठासारख्या भुरभुरतात. बंद कुपीतही साधारण ४१ अंशांच्या पुढे सात पाण्यांचं रूप टिकत नाही. नागपूरचा मे महिना आठवा. पाण्याने धुवायचं तर नावच नको, विरघळून जाईल. आणि सवयीने ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकाल तर तीच त्यातलं पाणी ओढून घेईल.

एरिथ्राइट हे कोबाल्टचं आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिक असलेलं संयुग. यातही पाण्याचे आठ रेणू आहेत, पण ते असे सहज सुटत नाहीत. किरमिजी रंग, सुयांसारखे किंवा पात्यांसारखे स्फटिक. जर्मनीच्या सॅक्सनीतलं श्नेबर्ग आणि मोरोक्कोतलं बू अझर ही त्याची नावाजलेली ठिकाणं. जर्मन खाणकामगार त्याला ‘कोबाल्टचं फूल’ म्हणत, कारण ते दिसलं की खाली कोबाल्ट असणार. आर्सेनिक विषारी आहे, म्हणून हाताळल्यावर हात धुवा. बीबराइटलाही हाच नियम, उलट थोडा कडकच, कारण विरघळणारं कोबाल्ट पोटात जाणं वाईट.

खरेदीतली एक मेख: कोबाल्ट सल्फेटचे देखणे स्फटिक द्रावणातून घरीही वाढवता येतात. नैसर्गिक बीबराइट बहुधा खडकावरच्या पापुद्र्याच्या किंवा लोंबत्या सुळक्यांच्या रूपात मिळतं. खडकाचा मागमूस नसलेला, सुबक, बोटभर स्फटिक कुणी दाखवला तर मी तरी पाकीट काढणार नाही.

काचेच्या कपाटात मांडायचं असेल तर एरिथ्राइटच घ्या. बीबराइट हवंच असेल तर घट्ट झाकणाची छोटी कुपी, आत कमीत कमी हवा, जागा थंड, आणि आणल्या दिवशीच एक फोटो काढून ठेवा.