अभ्यासिकेतले सहा संगणक: लाइटडीएम आणि लॉगइंड आठ महिने वापरल्यानंतर

परळला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची अभ्यासिका आहे. सकाळी सहाला उघडते, रात्री अकराला कुलूप लागतं. घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असली की अभ्यासाला जागा उरत नाही, म्हणून एमपीएससीवाली, दहावी-बारावीची मुलं सगळी इथेच असतात. गेल्या जूनमध्ये देणगीत सहा जुने संगणक मिळाले, प्रत्येकी चार जीबी रॅमचे. त्यांवर मी डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बसवला. लॉगिन स्क्रीन सांभाळतो लाइटडीएम, आणि कोण आत आहे, कोण बाहेर पडलं याची नोंद ठेवतो लॉगइंड, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचा एक भाग. हा अनुभव त्या दोघांचा. दिवसभर ऑफिस करून संध्याकाळी मीच हे सगळं बघते, त्यामुळे चुका झाल्या त्याही माझ्यासमोरच झाल्या.

सुरुवातीला मी सोपा मार्ग धरला. सगळ्यांना मिळून एकच खातं, आणि लाइटडीएमच्या फाइलीत ऑटोलॉगिन. बटण दाबलं की थेट डेस्कटॉप. मुलं खूश होती. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी रडवेली होऊन आली. परीक्षेचा अर्ज भरताना तिने मेल उघडला होता, तो तसाच राहिला आणि नंतर बसलेल्या कुणीतरी तो वाचला. आधारचा फोटो, बँकेचं पासबुक, सगळं त्या मेलमध्ये. कुणी गैरफायदा घेतला नाही, पण ती पुढचा महिनाभर अभ्यासिकेत आली नाही. मला ते फार लागलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. सार्वजनिक संगणकावर लॉगिन कसं होतं याला फारसं महत्त्व नाही. माणूस उठून गेल्यावर त्याचं सेशन, म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत चालू असलेलं सगळं, खरोखर संपतं का, ते बघायचं. लॉगिनबद्दल वाट्टेल तेवढी माहिती मिळते, लॉगआउटबद्दल मात्र कुणी दोन ओळीही लिहीत नाही.

मग मी दोन प्रकारची खाती केली. रोज येणाऱ्यांना स्वतःचं खातं, स्वतःचा पासवर्ड, आणि ज्याचं खातं ज्या संगणकावर त्यानं तिथंच बसायचं. बाकीच्यांसाठी ‘वाचक’ नावाचं खातं, पासवर्डशिवाय. इथे एक गोष्ट कळून घ्यावी लागते. लाइटडीएमचं ऑटोलॉगिन संगणक सुरू होताना एकदाच चालतं, एकदा लॉगआउट केलं की लॉगिन स्क्रीनच येते. पासवर्ड न विचारता पुन्हा आत घ्यायचं असेल तर पॅमच्या, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते तपासणाऱ्या यंत्रणेच्या, लाइटडीएमवाल्या फाइलीत ओळ घालून एका गटाला सूट द्यावी लागते. डेबियनमध्ये लॉगिन स्क्रीनवर नावांची यादी लपवलेली असते, ती मी उघडी केली. आजोबांना स्वतःचं युजरनेम टाइप करायला लावण्यात अर्थ नाही.

ऑगस्टमध्ये संगणक संध्याकाळी गोगलगायीसारखे चालू लागले. तीन नंबरच्या यंत्रावर टर्मिनल उघडून ‘लॉगइनसीटीएल लिस्ट-सेशन्स’ दिलं, तर चार सेशन जिवंत! समोर बसलेला मुलगा एकच. बाकीचे तिघे ‘स्विच युजर’ करून घरी जेवायला गेलेले, आणि त्यांचे तीन ब्राउझर आत रॅम खात बसलेले. ‘युजर बदला’ म्हणजे लॉगआउट, असा सगळ्यांचा समज. खरं तर त्यात आधीचं सेशन जसंच्या तसं मागे चालू राहतं. लाइटडीएममध्ये ‘अलाउ-यूजर-स्विचिंग’ फॉल्स केलं आणि हा त्रास त्या दिवसापासून संपला. चार जीबीच्या यंत्रावर ही सोय ठेवूच नये.

लॉगआउट केल्यावरही काही प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, मागे उरतात, हे त्यानंतर लक्षात आलं. लॉगइंडमध्ये ‘किल-यूजर-प्रोसेसेस’ नावाची सेटिंग आहे. सिस्टमडीने २०१६ साली २३० व्या आवृत्तीत ती मुळातच चालू केली, तेव्हा बरीच आरडाओरड झाली, कारण सर्व्हरवर लोक लॉगआउट करूनही कामं चालू ठेवतात. डेबियनने ती बंदच ठेवली आहे. सर्व्हरसाठी ठीक, अभ्यासिकेसाठी नाही. मी ती ‘यस’ केली. माणूस बाहेर, तर त्याचं सगळंच बाहेर.

आता सफाई. ‘वाचक’ खात्याचं होम फोल्डर प्रत्येकानंतर कोरं व्हायला हवं. लाइटडीएम सेशनच्या दोन टोकांना आपली स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालवू देतो, सेशन सुरू होण्याआधी आणि सेशन संपल्यावर, दोन्ही रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने. मी आधी संपल्यावरची जागा निवडली. पण मुलं सरळ पॉवरचं बटण दाबून धरतात, तेव्हा ती स्क्रिप्ट चालतच नाही. म्हणून सफाई सुरुवातीला आणली. प्रत्येक नव्या माणसाला ताजं होम, त्यात मंडळाचा वॉलपेपर आणि परीक्षांच्या संकेतस्थळांचे शॉर्टकट.

गणपतीत वॉलपेपर म्हणून आमच्या मंडळाच्या मूर्तीचा फोटो लावला होता. अनंत चतुर्दशीनंतर मी तो फोटो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात असताना फोन, ताई, एकही संगणक उघडत नाही. संध्याकाळी येऊन बघते तर ‘वाचक’वर क्लिक केलं की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा लॉगिन स्क्रीन. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. स्वतःची खाती असलेली मुलंही तशीच अडकलेली. आधी मला वाटलं डिस्क भरली, कारण डिस्क भरली तरी असंच गोल गोल फिरतं. तसं नव्हतं. लॉग फोल्डरातली लाइटडीएमची फाइल उघडली आणि कळलं. स्क्रिप्टची शेवटची ओळ तो फोटो कॉपी करणारी होती. फोटो नाही, म्हणून कॉपी फसली, म्हणून स्क्रिप्टचा निकाल ‘अयशस्वी’ आणि सुरुवातीची स्क्रिप्ट अयशस्वी ठरली की लाइटडीएम कुणालाच आत घेत नाही. स्क्रीनवर मात्र याचा एक शब्द येत नाही. हा मला या प्रणालीतला सर्वांत मोठा दोष वाटतो. ‘सुरुवातीची तयारी फसली’ एवढं एक वाक्य दाखवलं असतं तर मुलांचा अख्खा दिवस वाचला असता. स्क्रिप्टच्या शेवटी ‘एक्झिट शून्य’, म्हणजे निकाल ‘यशस्वी’ असं सांगणारी ओळ, आता मी न विसरता लिहिते.

एवढं करूनही मन भरलं नव्हतं. संगणक बंद झाल्यावर पुढचा माणूस येईपर्यंत आधीच्याचे कागद डिस्कवरच पडून राहतात ना! शेवटी ‘वाचक’चं होम मी टेम्पएफएसवर, म्हणजे रॅममध्येच ठेवलं, ५१२ एमबीची मर्यादा घालून. वीज गेली, बटण दाबलं, काहीही झालं तरी सगळं पुसलं जातं. तोटा असा की प्रश्नपत्रिकांच्या मोठ्या पीडीएफ दोन-चार उतरवल्या की जागा संपते आणि ब्राउझर बंद पडतो. ‘पेनड्राइव्हवर सेव्ह करा’ असा कागद प्रत्येक मॉनिटरला चिकटवला आहे. तो वाचला जातो.

स्क्रीन लॉकवर मात्र मी नाराज आहे. डेबियनच्या एक्सएफसीईबरोबर लाइट-लॉकर येतो. तो वेगळी लॉक स्क्रीन दाखवत नाही, दुसऱ्या व्हर्च्युअल टर्मिनलवर, म्हणजे त्याच मॉनिटरवरच्या वेगळ्या पडद्यावर, लाइटडीएमचीच लॉगिन स्क्रीन उघडतो. आमच्या जुन्या ग्राफिक्सवर परत येताना नुसता काळोख दिसायचा. कंट्रोल-ऑल्ट-एफ७ आणि एफ८ आलटून पालटून दाबलं की डेस्कटॉप सापडायचा, पण हे पंधरा वर्षांच्या मुलाला कुठून ठाऊक असणार? त्याने पॉवर बटण दाबलं की टाइप केलेला निबंध गेला. मी लाइट-लॉकर काढून एक्सएफसीईचा स्वतःचा स्क्रीनसेव्हर लावला. काळोख गेला. शिवाय त्यात ठरावीक मिनिटांनी लॉक स्क्रीनवर लॉगआउटचं बटण दाखवायची सोय आहे. ती मी वीस मिनिटांवर ठेवली आहे, म्हणजे लॉक करून चहाला गेलेला तासभर आला नाही तर दुसऱ्याला जागा मिळते. हे काम आपोआप करणारी सेटिंग सिस्टमडी २५२ मध्ये आली आहे, डेबियन १२ मध्ये तीच आवृत्ती आहे. पण सेशन रिकामं बसलंय हे डेस्कटॉपने लॉगइंडला कळवावं लागतं, आणि आमच्याकडे ते भरवशाने कळलं नाही.

लॉकचाच आणखी एक प्रसंग, मराठीत काम करणाऱ्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावा असा. आमच्या चाळीतले एक निवृत्त गुरुजी मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करतात. मध्येच फोन आला, ते उठले, स्क्रीन लॉक झाली. परत आले तर पासवर्ड चुकीचा. “अगं, तोच टाकतोय मी, नातीच्या नावाचा.” तोच टाकत होते. पण लॉक होताना कीबोर्ड मराठीवर होता आणि लॉक स्क्रीनने तोच उचलला, त्यामुळे प्रत्येक अक्षर देवनागरीत जात होतं. चौकटीत दिसतात फक्त ठिपके, कळणार कसं? तीन वेळा झालं आणि फेललॉकने, म्हणजे चुकीचे पासवर्ड मोजणाऱ्या पॅमच्या भागाने, खातं दहा मिनिटं बंद केलं. तीन चुका, ६०० सेकंद, हे त्याचे मूळचे आकडे. मग कीबोर्ड इंग्रजी करूनही आत जाता येईना, आणि गुरुजींना वाटलं आपलीच स्मरणशक्ती गेली. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही. त्याच रात्री फेललॉकमध्ये सहा चुका आणि १२० सेकंद केले. लॉकच्या शॉर्टकटमध्येही आधी कीबोर्ड इंग्रजी होईल आणि मगच लॉक लागेल असं लिहिलं. लॉगिन स्क्रीनवर कीबोर्डची भाषा दाखवणारं चिन्ह लावता येतं, तेही लावलं.

रात्री अकराची गोष्ट थोडक्यात. पॅममधल्या टाइम मॉड्यूलने पावणेअकरानंतर नवं लॉगिन बंद केलं. पण हा पहारेकरी दारातच उभा असतो, आत असलेल्याला उठवत नाही. अकराला ‘लॉगइनसीटीएल टर्मिनेट-यूजर’ चालवावं लागतं, आणि ते सेव्ह करायचं का असं विचारत नाही, सरळ तोडतं. एका मुलाचं दोन तासांचं टिपण त्यात गेलं. आता पावणेअकरा आणि अकराला पाच कमी असताना मोठ्या अक्षरांत मराठी सूचना येते.

दुसऱ्यांना सांगायचं तर, घरच्या एका संगणकासाठी यातलं काहीच करायला नको, आहे तसं उत्तम चालतं. वाचनालय, अभ्यासिका, शाळेची लॅब असेल तर मी हीच जोडी घ्या म्हणेन, परवाना फी नाही आणि जुन्या यंत्रावर हलकी चालते. फक्त सेटिंग्ज तीन ठिकाणी विखुरलेल्या आहेत, काही लाइटडीएममध्ये, काही लॉगइंडमध्ये, काही पॅममध्ये. पॅमच्या फाइलीला हात लावताना दुसऱ्या टर्मिनलवर रूटचं लॉगिन उघडं ठेवा. एक ओळ चुकली तर स्वतःलाच बाहेर राहावं लागतं.

गेल्या आठवड्यात एक राहिलेलं भोक सापडलं. प्रिंटरचा कागद अडकला म्हणून माझ्या खात्यातून कप्सचं, म्हणजे छपाई सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं, पान उघडलं, तर आदल्या संध्याकाळच्या छापलेल्या फाइलींची यादी, आणि प्रत्येकीपुढे पुन्हा छापायचं बटण. प्रवेशपत्रं, जातीचे दाखले, सगळं. होम रॅममध्ये, प्रोसेस मारलेल्या, आणि छापलेली फाइल मात्र प्रिंटरच्या रांगेत पडून. कप्स या फाइली मुळातच ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवसभर ठेवतं. ‘प्रिझर्व्ह-जॉब-फाइल्स’ ही सेटिंग ‘नो’ केली. जिचा मेल वाचला गेला होता ती मुलगी आता पुन्हा येते. परवा तिने प्रवेशपत्र छापलं, आणि ती गेल्यावर मी ते पान उघडून पुन्हा एकदा बघितलं.