वडोदऱ्यात बॉक्स्टर घेताना : ९८१ की ७१८?

पोर्शच्या चाहत्यांमध्ये ९११ ही तिची सर्वांत नावाजलेली स्पोर्ट्स कार वगळता इतर गाड्यांकडे सावत्र नजरेने पाहण्याची रीत जुनी आहे. १९७६ च्या ९२४ ला ‘हिचे इंजिन तर ऑडीच्या घरचे’ म्हणून हिणवले गेले, ९११ च्याच ९९६ या पिढीलाही पुढच्या दिव्यांवरून बोल लागला, आणि आता ती पाळी बॉक्स्टर या उघडणाऱ्या छताच्या दोन आसनी गाडीच्या २०१६ मध्ये आलेल्या ७१८ पिढीवर आली आहे. कारण तिच्यात सहाऐवजी चारच सिलिंडर आहेत. म्हणून वापरलेली बॉक्स्टर घेऊ पाहणाऱ्याने तिच्याआधीची ९८१ शोधावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धाच पटतो.

आवाजाची तक्रार खरी आहे. अलकापुरीतल्या एका सोसायटीच्या तळघरात आम्ही दोन्ही गाड्या लागोपाठ सुरू केल्या, तेव्हा ९८१ क्षणभर खाकरून एकसुरात लागली, तर ७१८ भांडे खडखडावे तशी घरघरू लागली. पहिलीकडे वॉचमन कौतुकाने पाहत होता. दुसरीच्या वेळी, ‘सायलेन्सरचे काम निघाले आहे का?’ असे त्याने विचारले.

मात्र गाडी तळघरात चालवायची नसते. ९८१ चे २.७ लिटरचे इंजिन २६५ अश्वशक्तीचे असले, तरी त्याचा २८० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढ) ४,५०० आरपीएमनंतर (इंजिनाच्या मिनिटाला इतक्या फेऱ्यांनंतर) पुरता हाती येतो, आणि खरी मजा ७,००० च्या आसपास आहे, जिथे पोहोचेपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच गाडी शंभरच्या पुढे गेलेली असते. ७१८ चे दोन लिटरचे टर्बो इंजिन ३०० अश्वशक्तीचे असून, त्याचा ३८० न्यूटन मीटर टॉर्क १,९५० आरपीएमलाच मिळतो. त्याखाली ते किंचित आळसते, हे मान्य; पण जुन्या पादरा रोडवर रिक्षा आणि स्कूटरींमधून वाट काढताना, किंवा अहमदाबादच्या ९३ किलोमीटरच्या एक्स्प्रेस-वेवर ट्रकला मागे टाकताना, हाताशी असलेली ताकद ७१८ चीच असते. सामानाला जागा दोघींतही पुढे आणि मागे जवळपास सारखीच, त्यामुळे तो मुद्दा निकालाचा नाही. सहा सिलिंडर आणि वेग दोन्ही हवे असतील, तर २०२० ची चार लिटरची ७१८ जीटीएस आहे. तिची किंमत ऐकून बहुतेकांचा वाद तिथेच मिटतो.

रविवारी पहाटे, छत उघडून, केवळ कानांसाठी गाडी काढणाऱ्याने ९८१ खुशाल घ्यावी. आठवड्यातून तीनदा चालवणाऱ्याला मी ७१८ सुचवीन, लोकांनी कितीही नाके मुरडली तरी.

तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी परदेशातून आणता येत नसल्याने ९८१ देशातच शोधावी लागते, आणि ती मुंबईची निघाली तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि जीजे-०६ ची, म्हणजे वडोदऱ्याची, नवी नोंदणी ओघाने येते. वडोदऱ्याचीच गाडी मिळत असेल, तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहरातल्या विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा ती कुठे उभी होती, हे आधी विचारावे. छताच्या पाण्याच्या वाटा तुंबल्या आहेत का ते पाहावे, गालिचा उचलावा आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ दिसली, तर सिलिंडर चार की सहा हा प्रश्नच उरत नाही.