वॉल-ई की अवतार?
मालवणात सुट्टीत पोरांना एकच चित्रपट दाखवायचा, तर मी 'वॉल-ई' (2008) लावेन. 'अवतार' (2009) डोळे दिपवतो, वाद नाही. खनिजासाठी महावृक्ष पाडणारी कंपनी बघताना आपल्या सिंधुदुर्गातल्या रेडीच्या लाल लोहखाणी आठवतातच. पण तिथे दोष त्या कंपनीचा, आपला नाही. आपण तिथल्या निळ्या रहिवाशांच्या बाजूने टाळ्या पिटायला मोकळे. शिवाय 162 मिनिटं!

'वॉल-ई'त ही सोय नाही. कचरा आपलाच, पृथ्वी सोडून पळालेलेही आपणच, मागे एकटा यंत्रमानव कचऱ्याचे चौकोनी ठोकळे रचतोय. सुरुवातीला संवाद जवळजवळ नाहीतच, म्हणून आजीसुद्धा शेवटपर्यंत बसली. जुन्या बुटात रोपटं दिसलं तशी धाकटी म्हणाली, "आपल्या रापणीत पण बूट गावलेला ना?"

गावलेला. त्या दिवशी किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यात बांगडे कमी, पिशव्याच जास्त.