केली राइकार्ट : 'संथ' हा शिक्का पुसून पाहताना

अमेरिकी स्वतंत्र चित्रपटकर्ती केली राइकार्ट यांना 'संथ' म्हणून बाजूला सारणाऱ्यांत काही वर्षांपूर्वी मीही होतो. 'मीक्स कटऑफ' (२०१०) तर मी अर्ध्यावरच बंद केला होता. या उन्हाळ्यात लातूरच्या घरी तो शेवटपर्यंत पाहिला आणि माझे मत उतावळेपणाचे होते, हे मान्य करावे लागले.

१८४५ साली ऑरेगनच्या वैराण प्रदेशात वाट चुकलेल्या तीन कुटुंबांची ही कथा आहे. वाटाड्या मीक छातीठोकपणे बोलत राहतो आणि पिंपातले पाणी उतरत जाते. चौकट जवळजवळ चौरस असल्यामुळे पुढचा माळ प्रवाशांप्रमाणे आपल्यालाही दिसत नाही, आणि पुरुषांची खलबते दूर उभ्या बायकांच्या कानी जेवढी पडतात, तेवढीच आपल्याही. उतारावर दोरांनी धरलेली गाडी निसटून कोसळते आणि साठवलेले पाणी मातीत जिरते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे ज्या शहरात आली, तिथल्या प्रेक्षकाला या प्रसंगाचे गांभीर्य वेगळे समजावून द्यावे लागत नाही. (पहिल्या खेपेला ते मला कसे जाणवले नाही, कोण जाणे.)

राइकार्ट यांची खरी ताकद वेगात नसून हिशेबात आहे. 'वेंडी अँड लूसी'मधली (२००८) वेंडी वहीत पैसे मांडत अलास्काकडे निघालेली असते. गाडी बंद पडते, कुत्री हरवते आणि तो हिशेब ओळीओळीने विस्कटतो. 'फर्स्ट काऊ'मध्ये (२०१९) मुलखातल्या एकुलत्या एक गाईची रात्री चोरून धार काढून दोघे मित्र तळलेल्या गोड वड्यांचा धंदा उभा करतात. भांडवल, नफा आणि भीती यांचे इतके स्वच्छ चित्रण क्वचितच पाहायला मिळते.

'नाइट मूव्ह्ज' (२०१३) मात्र आजही फसलेलाच वाटतो. पर्यावरणवादी तरुण धरण उडवतात, त्या पुरात एक माणूस जातो, पण त्याचा मृत्यू बातमीपुरता उरतो आणि चित्रपट सराईत रहस्यपटाच्या वाटेला लागतो. जायकवाडीच्या टक्केवारीकडे डोळे लावून बसणाऱ्यांना धरण असे निव्वळ निमित्त म्हणून वापरलेले रुचणार नाही.

१९९४ च्या पहिल्या चित्रपटानंतर दुसरा, 'ओल्ड जॉय', यायला बारा वर्षे लागली. तेव्हापासून आपल्या चित्रपटांचे संकलन त्या स्वतःच करत आल्या आहेत. नवख्याने 'फर्स्ट काऊ'पासून सुरुवात करावी, आणि संवाद फार हळू आवाजात असल्याने पंखा-कूलरच्या घरघरीत पाहायचे असल्यास हेडफोन लावावा.