बोरेट पावडर: लाकडातल्या भुंगेऱ्यावर किती कामाची?

कोऱ्या लाकडाला भुंगेरा लागू नये किंवा लागलेला पुढे वाढू नये, यासाठी घरच्या घरी वापरता येणाऱ्या औषधांत बोरेट पावडरला आमची पहिली पसंती आहे. पॉलिश किंवा रंग दिलेल्या लाकडावर मात्र तिचा काडीचाही उपयोग नाही. पावडर पाण्यातून आत जाते आणि वॉर्निश पाणीच अडवतं, एवढं साधं कारण आहे.

हिचं रासायनिक नाव डायसोडियम ऑक्टाबोरेट टेट्राहायड्रेट. ती दोन ब्रँडच्या नावांनी मिळते: टिम-बोर म्हणजे जवळजवळ शुद्ध पावडर, तर बोरा-केअर म्हणजे तेच रसायन ग्लायकॉल या चिकट द्रवात विरघळवलेलं, सुमारे ४० टक्क्यांचं दाट द्रव. घरातला बोरॅक्स (टाकणखार) चालणार नाही का, हा प्रश्न हमखास येतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बोरॅक्स किंवा बोरिक पावडर जेमतेम पावणेपाच टक्के विरघळते. ही पावडर साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे एका हातात (एका लेपात) दुप्पट औषध लाकडात उतरतं. जादा पैसे त्याचेच आहेत.

पावडर विकत घेण्याआधी लाकडाखाली पडलेला भुगा चिमटीत चोळून बघा. मैद्यासारखा मऊ लागला आणि भोकं १ ते २ मिलीमीटरची गोल असली, तर तो रुंद रंध्रांच्या लाकडाच्या पांढऱ्या, बाहेरच्या भागातला स्टार्च खाणारा भुंगेरा. बोटांना कण टोचले, तर दुसरी जात. तिला जरा दमट लाकूड लागतं, म्हणून आधी गळती आणि ओल बंद करा. खसखशीसारखे सुटे, सहा कडांचे दाणे दिसले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिच्या पोकळ्यांत औषध थेट सोडावं लागतं, वरून हात मारून भागत नाही. मातीच्या नळ्या असतील तर ती जमिनीतून येणारी वाळवी; तिथे ही पावडर एकटी पुरणार नाही, जमिनीचीही प्रक्रिया लागेल.

आता लाकूड औषध पितं का ते पाहा. पाण्याचा थेंब टाका. मिनिटाभरात मुरला तर उत्तम. मण्यासारखा उभा राहिला तर पॉलिश पेपरने घासून कोरं लाकूड उघडं करा. फर्निचरची मागची बाजू, ड्रॉवरचे तळ आणि पायांचे बुडखे बहुतेक वेळा कोरेच सोडलेले असतात. भुंगेरा अंडी घालायला कोरी रंध्रंच शोधतो, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा.

१ लिटर कोमट पाण्यात १२० ग्रॅम पावडर थोडी थोडी टाकत ढवळा, म्हणजे साधारण १० टक्क्यांचं द्रावण होतं. थंड पाण्यात तळाला साका राहतो आणि पंपाचं नोझल तुंबतं. एका हाताला १ लिटर सुमारे ५० चौरस फूट पुरतं. पहिला हात पूर्ण मुरला की दुसरा द्या. छताच्या तुळयांना पंप सोयीचा, फर्निचरला ब्रश. बुडख्याच्या छेदातून लाकूड सगळ्यात जास्त पितं, तिथे पिणं थांबेपर्यंत हात देत राहा. कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

खरी मर्यादा खोलीची आहे. बोरेट ओलाव्याबरोबर आत सरकतं आणि फर्निचरचं लाकूड कोरडं असतं, त्यामुळे पावडरचं पाणी काही मिलीमीटरच शिरतं. दुसऱ्या हातानंतर दिवसभर प्लास्टिक गुंडाळून ठेवलं तर सुकणं लांबतं आणि औषध अजून आत जातं. व्हिनियरवर (वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ थरावर) हे करू नका, सरस सुटून थर फुगतो. जाड आणि कोरड्या लाकडाला ग्लायकॉलचं द्रव नक्कीच जास्त चांगलं: भुंगेऱ्यासाठी तेवढ्याच गरम पाण्यात मिसळून ते २४ तासांत वापरायचं. मात्र ते चिकट आहे आणि सुकायला वेळ घेतं. पातळ फळ्यांना आणि नव्या लाकडाला साधी पावडर पुरेशी आहे, तिथे महागडं द्रव घेण्यात अर्थ नाही.

भोकांत सुई घालून औषध भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मऊ भुगा बोगद्यात इतका गच्च ठासलेला असतो की द्रव फारसं पुढे जात नाही. जोर लावला तर शेजारच्या भोकातून उलटं डोळ्यात उडतं. चष्मा आणि हातमोजे लागतातच. घासताना मास्कही लावा. मुलांपासून आणि जनावरांपासून पावडर लांब ठेवा, उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका (बोरॉन जास्त झालं की झाडं करपतात), आणि पोळपाट किंवा चिरण्याच्या फळीला हे औषध अजिबात नको. पावसात भिजणाऱ्या किंवा मातीत रोवलेल्या लाकडातून ते धुऊन जातं.

सुकल्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, ते बोरेटचेच स्फटिक आहेत. ओल्या फडक्याने पुसा, उभे राहिलेले रेशे बारीक पेपरने हलके घासा, लाकूड खडखडीत वाळलं की पॉलिश द्या. पॉलिश केलेली आणि न उलगडता येणारी वस्तू असेल तर पावडरच्या नादी लागू नका. उणे १८ अंशांवर दोन आठवडे गोठवणं किंवा गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवणं हे मार्ग आहेत. त्यांनी आतली कीड मरते, पण पुढचं संरक्षण मिळत नाही.

औषध दिल्यावरही काही महिने नवी भोकं पडतील. खोल बसलेल्या अळीपर्यंत औषध पोचलेलं नसतं. ती भुंगेरा होऊन बाहेर पडताना वरचा थर कुरतडते. त्यामुळे महिन्याभरात औषध बाद ठरवू नका. जुनी भोकं औषधानंतर मेणाने बुजवा, खाली काळा कागद ठेवा आणि नव्या भोकाशेजारी पेन्सिलने तारीख लिहा. ताज्या भोकाची कड फिकट आणि स्वच्छ असते. नुसता भुगा पडला म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही, दार आपटलं तरी जुना भुगा झडतो. मैद्यासारख्या भुग्याचं लाकूड निदान वर्ष-दीड वर्ष, कणीदार भुग्याचं तीन वर्षं नजरेखाली ठेवा. त्या मुदतीनंतरही फिकट कडेचं भोक दिसलं तर तो भाग कोरा करून पुन्हा दोन हात द्या.