घरात मुले असताना बंदूक कशी ठेवावी: कुलूप, पेटी, कपाट आणि तिजोरी यांचा तुलनात्मक आढावा

ज्या घरात मुलेही आहेत आणि बंदूकही आहे, तेथील प्रौढांसमोर साधारणपणे पाच पर्याय असतात: शस्त्रालाच बसवायचे कुलूप, छोटी पोलादी पेटी, उभे कपाट, जड तिजोरी आणि शस्त्र घराबाहेर अधिकृत ठिकाणी ठेवणे. यांपैकी काही विकत घेताना बहुतेक लोक पत्र्याची जाडी आणि कुलपाची मजबुती पाहतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर चोर असतो. मुलांच्या दृष्टीने हा निकष दुय्यम आहे. पोलाद कापण्याच्या फंदात मूल पडत नाही. ते किल्ली हुडकते, बाबांनी दाबलेले आकडे लक्षात ठेवते किंवा घाईत नीट न लागलेले दार ओढून पाहते. म्हणून पुढे प्रत्येक पर्याय तपासताना तो उघडण्याचे साधन घरात कोणाकडे राहते, हा प्रश्न मी आधी विचारला आहे आणि मजबुतीचा नंतर.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, मुलांच्या घरात बंदूक नसणे हेच सर्वांत सुरक्षित मानते, आणि ती ठेवायचीच असेल तर रिकामी, कुलूपबंद आणि काडतुसांपासून वेगळी ठेवावी असे सांगते. हा आढावा ज्यांनी ठेवण्याचा निर्णय घेतला आहे किंवा ज्यांना कामामुळे ती ठेवावी लागते, त्यांच्यासाठी आहे.

या सल्ल्याला आधार आहे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 20 वर्षांखालील मुलांच्या हातून घरातील बंदुकीने झालेले अपघात आणि आत्महत्येचे प्रयत्न यांची तुलना, बंदूक असूनही असे काही न घडलेल्या घरांशी करण्यात आली. बंदूक कुलूपबंद असलेल्या घरांत अशा घटनेची शक्यता सुमारे 73 टक्क्यांनी, ती रिकामी ठेवणाऱ्या घरांत 70 टक्क्यांनी, काडतुसे कुलूपबंद असलेल्या घरांत 61 टक्क्यांनी आणि काडतुसे वेगळ्या जागी ठेवणाऱ्या घरांत 55 टक्क्यांनी कमी आढळली. अशा अभ्यासातून कार्यकारण पूर्णपणे सिद्ध होत नाही, कारण जे पालक कुलूप लावतात ते इतर बाबतींतही दक्ष असू शकतात. तरीही चारही उपायांचे आकडे एकाच दिशेला झुकावेत, ही गोष्ट सहज बाजूला सारता येण्यासारखी नाही.

लपवणे आणि समजावणे

कपड्यांच्या घडीखाली, माळ्यावर किंवा खणात खोलवर बंदूक लपवणे हा सर्वांत स्वस्त आणि बराच प्रचलित उपाय आहे, आणि तुलनेत तो सर्वांत दुबळा ठरतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 8 ते 12 वर्षांच्या मुलग्यांचे छोटे गट एका खोलीत सोडण्यात आले. तेथील एका खणात खरे, पण निकामी केलेले पिस्तूल ठेवलेले होते आणि संशोधक आरशाआडून पाहत होते. 29 पैकी 21 गटांना ते पिस्तूल सापडले, 16 गटांनी ते हाताळले आणि 10 गटांत कोणीतरी चाप ओढला. ज्यांनी ते हाताळले त्यांपैकी बहुतेकांना शस्त्रांविषयी सावधगिरीची शिकवण आधी मिळालेली होती. 2006 च्या दुसऱ्या एका अभ्यासात, ‘मुलाला जागा माहीत नाही’ असे सांगणाऱ्या पालकांपैकी 39 टक्के पालकांच्या मुलांनी स्वतंत्रपणे विचारल्यावर ‘माहीत आहे’ असे उत्तर दिले.

या दोन निष्कर्षांनी लपवण्याचा पर्याय निकालात निघतोच, शिवाय ‘आम्ही मुलाला नीट समजावले आहे’ हा भरवसाही डळमळतो. समजावणे सोडून द्यावे असा याचा अर्थ नाही. बंदूक दिसली तर हात लावू नये, तेथून निघावे आणि मोठ्यांना सांगावे, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असलेच पाहिजे, कारण ते दुसऱ्यांच्या घरीही जाते आणि तेथील कुलपे आपल्या हाती नसतात. मात्र स्वतःच्या घरात शिकवण ही कुलपाची जागा घेऊ शकत नाही.

फार लहान मुलाच्या बोटांत चाप ओढण्याइतकी ताकद नसते, ही समजूतही येथेच तपासलेली बरी. 1995 च्या एका अभ्यासात 3 ते 4 वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 25 टक्के, 5 ते 6 वर्षांच्यांपैकी 70 टक्के आणि 7 ते 8 वर्षांच्यांपैकी 90 टक्के मुलांच्या बोटांत त्यासाठी पुरेशी ताकद आढळली.

केबल लॉक आणि ट्रिगर लॉक

शस्त्रालाच बसवायच्या कुलपांचे हे दोन मुख्य प्रकार आहेत आणि ते एकमेकांच्या बरोबरीचे नाहीत. केबल लॉकमध्ये वेष्टण घातलेली पोलादी तार नळीतून किंवा काडतूस आत जाण्याच्या वाटेतून ओवली जाते. तार आत असताना बंदूक भरताच येत नाही, आणि तार ओवण्यासाठी ती आधी उघडून रिकामी करावीच लागते, म्हणजे हे कुलूप मालकाला दर वेळी तपासणी करायला भाग पाडते. ट्रिगर लॉक मात्र चापाभोवती दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारे आवरण असते. ते भरलेल्या बंदुकीवरही बसू शकते, आणि हाच त्याचा धोका आहे, कारण बसवताना किंवा काढताना चापावर दाब आला तर गोळी सुटू शकते. ट्रिगर लॉक वापरायचेच असेल तर फक्त रिकाम्या शस्त्रावर, आणि आपल्या बनावटीवर ते नीट बसते का हे पाहून. या दोहोंत मी निःसंकोचपणे केबल लॉक निवडेन.

तरीही केवळ केबल लॉकवर थांबणे मला पुरेसे वाटत नाही. कुलूप लावलेली बंदूक दिसत राहते, हाताळता येते, उचलून दुसरीकडे नेता येते, आणि साध्या अवजाराने तार कापणे हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अशक्य नाही. पेटीच्या किंवा कपाटाच्या आत दुसरा थर म्हणून, अथवा पेटी घरी येईपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणून ते उत्तम आहे.

पेटी, कपाट, तिजोरी

एकच पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल तर छोटी पोलादी पेटी पुरते. तिची उणीव अशी की ती उचलून नेता येते, आणि हलक्या प्रतीच्या काही पेट्या जोराने आपटल्या किंवा हिसका दिल्यावर उघडतात. म्हणून जी भिंतीत, जमिनीत किंवा जड फर्निचरमध्ये आतून बोल्टने पक्की करता येत नाही, ती पेटी मुलांच्या घरासाठी अपुरी समजावी. लांब नळीच्या बंदुकांना उभे पोलादी कपाट लागते. ते तिजोरीपेक्षा हलके आणि वरच्या मजल्यावरही ठेवता येण्यासारखे असते. चोरापुढे ते तिजोरीइतके टिकत नाही, पण मुलापुढे या दोहोंत व्यवहारात फारसा फरक पडत नाही. अमेरिकेत घरगुती तिजोऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका मानकानुसार साध्या हत्यारांनी केलेला हल्ला पाच मिनिटे थोपवला की तिजोरी उत्तीर्ण होते, यावरून ‘अभेद्य’ या जाहिरातीतील विशेषणाची किंमत कळावी. अनेक शस्त्रे किंवा इतर मौल्यवान वस्तू असतील तर तिजोरीचा जादा खर्च सार्थ आहे; एका शस्त्रासाठी तोच पैसा दोन चांगल्या पेट्यांत, म्हणजे एक शस्त्रासाठी आणि एक काडतुसांसाठी, घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. काचेच्या दाराचे शोभेचे लाकडी कपाट या तुलनेत धरण्याची गरज नाही.

किल्ली, आकडे की बोटाचा ठसा

खरा निर्णय येथे आहे, आणि दुकानात यावरच सर्वांत कमी वेळ खर्च होतो.

किल्लीचे कुलूप साधे असते, त्याला बॅटरी लागत नाही आणि ते वर्षानुवर्षे चालते. प्रश्न किल्लीच्या मुक्कामाचा आहे. कपाटाची किल्ली कपाटाच्याच माथ्यावर, देवघराच्या खणात किंवा दाराच्या जुडग्यात असेल, तर बंदूक लपवण्याऐवजी आता किल्ली लपवली जात आहे एवढाच फरक, आणि लपवण्याचे काय होते ते वर आलेच आहे. ब्रिटनमध्ये परवानाधारकाखेरीज घरातील कोणालाही, अगदी जोडीदारालाही, कपाटाच्या किल्लीपर्यंत पोहोचता येऊ नये अशी अपेक्षा असते, ती याच कारणाने. किल्लीच वापरायची असेल तर ती अंगावर तरी राहिली पाहिजे किंवा आकडी कुलपाच्या दुसऱ्या छोट्या पेटीत तरी.

आकड्यांच्या कुलपात सापडण्याजोगी वस्तूच उरत नाही, म्हणून मुलांच्या घरासाठी मी त्याला पहिली पसंती देतो. परंतु जन्मतारीख, लग्नाची तारीख, गाडीचा क्रमांक किंवा मोबाइल उघडण्याचाच क्रमांक येथे वापरला, तर कुलूप नावापुरते राहते. कारखान्यातून आलेला मूळ क्रमांक पहिल्याच दिवशी बदलावा, मूल खोलीत असताना बटणे दाबू नयेत आणि ठरावीक बटणे झिजून ओळखू येऊ लागण्याआधी क्रमांक बदलत राहावा. बॅटरीवर चालणाऱ्या कुलपांना बहुधा आपत्कालीन किल्लीही दिलेली असते. लोक ती पाकिटासकट टेबलाच्या खणात टाकून विसरतात, आणि मग सगळ्या आकड्यांना वळसा घालणारी वाट घरात उघडी पडून राहते. ती किल्ली घराबाहेर, विश्वासू प्रौढाकडे ठेवणे हाच मार्ग. चकती फिरवून लावायचे यांत्रिक आकडी कुलूप हळू उघडते. मात्र त्याला बॅटरी नाही आणि किल्लीही नाही, ही मोठी जमेची बाजू.

बोटाच्या ठशाचे कुलूप क्षणात उघडते आणि त्याची भुरळ समजण्यासारखी आहे. ओल्या किंवा मळलेल्या बोटाला ते दाद देत नाही, ही त्याची किरकोळ अडचण. गंभीर अडचण उलट्या दिशेची आहे. 2023 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सुमारे 61,000 ठसा-तिजोऱ्या परत मागवण्याची घोषणा केली, कारण नोंद नसलेल्या बोटांनीही त्या उघडत होत्या. असे कुलूप घेतल्यास ठशाची नोंद लगेच करावी, नंतर घरातील दुसऱ्या प्रौढाच्या, नोंद नसलेल्या बोटांनी ते उघडते का हे रिकाम्या पेटीवर वारंवार तपासावे, आणि बॅटरी बदलल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी.

भरलेली ठेवावी का?

संरक्षणासाठी शस्त्र बाळगणाऱ्यांचा आक्षेप असा असतो की रिकामी, कुलूपबंद बंदूक वेळेला उपयोगी पडत नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. परंतु या तुलनेच्या एका पारड्यात क्वचित येणारा प्रसंग आहे, तर दुसऱ्या पारड्यात मुलांचे रोजचे कुतूहल आहे, आणि घरात मूल असताना दुसरे पारडे जड होते. सरावाने आकडी पेटी अंधारातही काही सेकंदांत उघडता येते. उशाखाली भरलेले शस्त्र ठेवण्याला हा बराच सुरक्षित पर्याय आहे. सर्वांत सुरक्षित व्यवस्था मात्र शस्त्र एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या, वेगळ्या क्रमांकाच्या कुलपात ही आहे. जपानमध्ये शस्त्रासाठी आणि काडतुसांसाठी स्वतंत्र कुलूपबंद जागा कायद्यानेच बंधनकारक आहेत.

मॅगझिन, म्हणजे काडतुसे भरलेली पिस्तुलातून काढता येणारी डबी, काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकते, आणि अनेक पिस्तुले मॅगझिनशिवायही ते उडवतात. ठेवण्याआधी चेंबर उघडून डोळ्यांनी आणि बोटानेही तपासावे.

मुलांच्या वयानुसार

पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पक्की बसवलेली पेटी आणि बदललेला क्रमांक एवढ्याने मोठा धोका टळतो. शाळकरी वयात मित्र घरी येऊ लागतात, निरीक्षण तीक्ष्ण होते, आणि तेव्हा काडतुसांचे वेगळे कुलूप अपरिहार्य ठरते.

किशोरवयात प्रश्नाचे स्वरूपच बदलते. येथे अपघातापेक्षा आत्महत्येची भीती मोठी असते, आणि अशा वयातील मुलांच्या हाती लागलेली बंदूक बहुधा घरातल्याच कोणाची असते. टोकाच्या निराशेचा क्षण अनेकदा थोडा वेळच टिकतो; त्या वेळी हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही अवलंबून राहते, आणि बंदुकीच्या बाबतीत वाचण्याची संधी फार कमी असते. ज्या मुलाला शस्त्र चालवायला घरातच शिकवले आहे आणि म्हणून क्रमांकही सांगितला आहे, त्याच्या बाबतीत कुलूप असून नसल्यासारखे आहे. सराव प्रौढासोबत व्हावा, क्रमांक मात्र प्रौढाकडेच राहावा. मूल उदास, एकलकोंडे, नुकतेच मोठ्या अपयशातून किंवा नात्याच्या ताटातुटीतून गेलेले असेल, किंवा त्याने मरणाची भाषा केली असेल, तर कपाट की तिजोरी ही तुलना तेथेच थांबवावी. अशा काळात शस्त्र आणि काडतुसे दोन्ही घराबाहेर, स्थानिक कायदा परवानगी देईल त्याप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे, नेमबाजीच्या क्लबात किंवा पोलिसांकडे ठेवावीत, आणि मुलाला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे नेण्यात उशीर करू नये. शस्त्र हलवणे तातडीने शक्य नसेल, तर तोपर्यंत सर्व कुलपांचे क्रमांक बदलून ते मुलाला अंदाज न येणारे ठेवावेत आणि सर्व किल्ल्या घरातून हलवाव्यात. ते शस्त्र परत कधी आणायचे, हे मुलावर उपचार करणाऱ्या व्यक्तीशी बोलून ठरवावे.