दुतोंड्या मारुती छातीपर्यंत पाण्यात, तेही मे महिन्यात!

एकूण २२,४९९ रुपये बुडाले माझे. डेमोचे ९९९, मोबाईल व्हिडिओ शूटिंग-एडिटिंगच्या क्लासचे ११,५००, 'सॉफ्टवेअर लायसन्स'चे ६,००० आणि लग्नाचं एडिटिंगचं काम मिळवून देतो म्हणून ४,००० डिपॉझिट. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. फोन बंद, कॉलेज रोडच्या केबिनला कुलूप.

मी अडाणी नाही हो. वीस वर्षं लोकांची बिलं तपासतोय. पण भाच्याच्या साखरपुड्याचा मी काढलेला व्हिडिओ सगळ्यांनी उचलून धरला, तेव्हापासून डोक्यात शिरलं होतं, नीट शिकावं.

कळायला हवं होतं ते डेमोलाच. "ही क्लिप आमच्या विद्यार्थ्याने कालच काढली," म्हणत क्लासवाल्याने नाशिकचा गोदाघाट दाखवला. दुतोंड्या मारुती छातीपर्यंत पाण्यात! गोदावरीच्या पात्रातल्या ज्या मारुतीच्या मूर्तीवरून अख्खं नाशिक पूर मोजतं, तो मे महिन्यात बुडालेला, आणि मी काय म्हणालो? "रंग काय सुंदर आलेत!" बायको अजून ऐकवते, "रोज रामकुंडावरून जाता ना तुम्ही?"

तीन तासिका झाल्या. लेन्स पुसा, खिडकीकडे पाठ करून कुणाला उभं करू नका, आवाजासाठी कॉलर माईक लावा. बरोबर आहे सगळं, पण यूट्यूबवर फुकट मिळतं. आणि एडिटिंगच्या ज्या दा विंची रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरच्या 'लायसन्स'चे ६,००० घेतले, त्याची साधी आवृत्ती मुळात फुकटच आहे! पैसे देण्याआधी कंपनीची साईट स्वतः उघडा.

चौकीत म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, समोर बसून दिलेत, मग यात सायबर काय? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात ना? अहो, टाकला मीच, पण खोटं ऐकून टाकला! सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर क्रमांक मिळाला, बाकी काही नाही. "ग्राहक आयोगात जा," एकाने चहा पीत सांगितलं. आणि ११,५०० रोख दिलेले, त्याची पावतीच नाही. 'रोख दिलेत तर हजार कमी' म्हणाला म्हणून रोख दिले. मी! बिलं तपासणारा!

काम देणारा तुमच्याकडून डिपॉझिट मागत नसतो. जुन्या विद्यार्थ्याचा नंबर मागा. आणि पैसे गेले तर १९३० ला त्याच तासात फोन करा, मी लाजेपायी नऊ दिवस घालवले.

परवा तीच क्लिप नव्या नावाच्या क्लासच्या जाहिरातीत दिसली. मारुती तसाच, छातीपर्यंत पाण्यात.